सावाच्या दोन काठांवरचे दोन आकडे

झाग्रेब, रविवार

ती. बाबांना आणि आईला सा. न.

मेतकूट आणि लसणाची चटणी पोचली. डबा गळला नाही, आईला सांगा.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, ‘युगोस्लाव्हिया मोडून तीस वर्षं उलटली, आता कशावरून भांडतात?’ घाईत नीट सांगता आलं नाही. इथे १९९१च्या लढाईचा (क्रोएशिया युगोस्लाव्हियातून फुटून निघाला तेव्हा सर्बांशी झाली ती) विषय काढला की बोलणं हटकून १९४१वर जातं. गेल्या शनिवारी मी यासेनोवात्सला जाऊन आले. झाग्रेबहून शंभरेक किलोमीटर, सावा नदीच्या काठी. १९४१ साली हिटलरच्या पाठिंब्याने इथे उस्ताशांचं, म्हणजे क्रोएशियन फॅसिस्टांचं राज्य आलं आणि सर्ब, ज्यू, रोमा, शिवाय विरोध करणाऱ्या क्रोएशियनांसाठी त्यांनी ही छळछावणी काढली. ती जर्मनांनी नाही, इथल्याच लोकांनी चालवली. क्रोएशियाला नेमकं तेच जड जातं.

बराकी आता नाहीत. नुसतं गवत, आणि बोग्दान बोग्दानोविच यांनी १९६६ साली उभं केलेलं काँक्रीटचं प्रचंड फूल. तिकडे नेणारी वाट रेल्वेच्या लाकडी स्लीपरांची. पावलाच्या मापात ते बसत नाहीत, त्यामुळे सारखं खाली बघत चालावं लागतं. संग्रहालयात उलट, मान वर करावी लागते. डोक्यावर काचेचे पट्टे टांगलेत आणि त्यांवर मेलेल्यांची नावं. नावानिशी नोंद झालेले ८३,१४५. त्यांत चौदा वर्षांच्या आतली मुलं २०,१०१. मी थोडा वेळ वाचलं, मग मान अवघडली.

नदीपलीकडे बोस्नियातलं दोन्या ग्रादिना. लोकांना नावेतून तिकडे नेऊन मारत. ती जमीन आज बोस्नियातल्या सर्बांच्या ताब्यात आहे आणि तिथल्या फलकावर आकडा आहे सात लाख!

युगोस्लाव्हियाचा कम्युनिस्ट नेता टिटो याच्या काळात सगळीकडे हेच सहा-सात लाख चालत. १९८०च्या दशकात कोचोविच या सर्बाने आणि झेर्याविच या क्रोएशियनाने वेगवेगळा हिशेब मांडला. अख्ख्या युगोस्लाव्हियात युद्धात मेले ते दहा लाखांच्या आसपास, असं दोघांचंही उत्तर आलं. सरकार सतरा लाख सांगत होतं. म्हणजे एकट्या या छावणीत सात लाख, हे टिकत नव्हतं. पण ऐकतो कोण? बेलग्रेडच्या सर्ब नेत्यांनी सात लाख सोडले नाहीत, आणि इकडे तुज्मान, पुढे क्रोएशियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले ते, तीस-चाळीस हजारांवर उतरले. पुढे त्या आकड्यांनी घाबरवून माणसं लढायला काढली.

अजूनही तेच चाललंय. नोव्हेंबर २०१६मध्ये माजी सैनिकांनी यासेनोवात्स गावात १९९१च्या लढाईत मेलेल्या आपल्या सोबत्यांची पाटी लावली. त्यावर उस्ताशांचीच घोषणा. ती आमच्या तुकडीची होती, असं त्यांचं म्हणणं. छावणीपासून हाकेच्या अंतरावर! ज्यू आणि सर्ब संघटना २०१७च्या सरकारी स्मृतिदिनाला गेल्या नाहीत. पाटी पुढच्या सप्टेंबरात तिथून हलवली. जवळच्याच नोव्स्का गावी नेली, उतरवून टाकली नाही. मे २०२४मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्रेब्रेनिकाच्या नरसंहाराचा (१९९५ साली बोस्नियातल्या सर्ब फौजांनी तिथे मुस्लिमांना मारलं) ठराव केला, तर पुढच्याच महिन्यात माँटेनेग्रोच्या संसदेने यासेनोवात्सचा ठराव आणला. चिडून क्रोएशियाने त्यांच्या तीन नेत्यांना देशात यायला बंदी केली. कुणाचे मेलेले कुणाच्या मेलेल्यांवर उतारा म्हणून काढायचे, याचं इथे वेळापत्रकच असतं.

ऑफिसात बोस्नियातल्या बान्या लुकाचा एक सर्ब मुलगा आणि झाग्रेबची एक मुलगी माझ्या शेजारी बसतात. मी जाऊन आल्याचं सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, ‘ज्यांची नावं सापडली नाहीत, ते मेलेच नाहीत का?’ प्रश्न रास्त आहे. यादी अपुरी असल्याचं संग्रहालयही मान्य करतं. पण अपुरी म्हणून ती सात लाखांवर जात नाही. ती म्हणाली, ‘आम्हाला शाळेत हे दोन परिच्छेदांत उरकलं.’ मग दोघंही कॉफी आणायला गेले. भांडले नाहीत, पण पुढेही बोलले नाहीत.

तो मला जूनमध्ये पलीकडच्या काठावर नेणार आहे. आईने काळजी करू नये, माझं इथलं परमिट तिकडे चालतं. बाबा, साखर तपासलीत का? रिपोर्ट व्हॉट्सॲपवर टाका, नुसतं ‘ठीक आहे’ म्हणू नका.

तुमची,
मनू