धुराड्यावर एक झाकण बसवता का? मंत्रीमहोदयांना खुलं पत्र

माननीय मंत्रीमहोदय,

स.न.वि.वि.

मी सोलापूरचा. पॉवरलूमच्या सुट्या पार्टचं छोटं दुकान आहे, कुठल्या पक्षाचा झेंडा कधी धरला नाही, धरणारही नाही. आपण कामात असता म्हणून मोजकंच लिहायचं ठरवून बसलो होतो, पण गेल्या रविवारपासून डोकं असं तापलंय की मोजकं काही होईल असं वाटत नाही. आधीच माफी मागून ठेवतो.

विषय तसा चिल्लर आहे. आपल्या जिल्ह्यातल्या एका स्टेशनाबाहेर छोट्या गाडीचं, म्हणजे बार्शी लाईट या जुन्या अडीच फुटी रेल्वेचं, एक वाफेचं इंजिन चौथऱ्यावर उभं करून ठेवलंय. स्टेशनचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण लिहिलं की चौकशी लागणार आणि ती चौकशी फिरून फिरून तिथल्या कंत्राटी माळ्याच्या मानगुटीवर बसणार. दोन वर्षांपूर्वी त्या इंजिनासमोर कार्यक्रम झाला. हार, फेटे, नारळ. एक मोठे साहेब माईकवर बोलले की पुढच्या आषाढीच्या आत इंजिनावर शेड होणार, बाजूला म्युझियम होणार, आणि जमलं तर छोट्या गाडीचं एक इंजिन पुन्हा वाफेवर चालवून दाखवू. मी पहिल्या रांगेत होतो. टाळ्या सगळ्यात जोरात माझ्याच. त्यानंतर दोन आषाढ्या होऊन गेल्या. आता विठोबा अठ्ठावीस युगं विटेवर उभा आहे तर इंजिनालाही होईल सवय, असं साहेबांना वाटलं असेल तर माहीत नाही.

तर रविवार. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, वय ८२. १९६३ साली कुर्डुवाडीच्या इंजिन शेडमध्ये खलाशी, म्हणजे हाताखालचा कामगार, म्हणून लागले, मग छोट्या गाडीवर फायरमन, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारे, झाले. मागच्या महिन्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर माणूस नातवंडांची तोंडं बघतो, हे म्हणाले, आता नीट दिसायलंय तर एकदा इंजिन बघून येऊ. आईने कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली, आण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला, आणि आम्ही दोघं एसटीने निघालो.

ऑपरेशन झालं नसतं तर बरं झालं असतं असं मला तिथं गेल्यावर वाटलं.

इंजिन चकाचक. नवा ऑइलपेंट मारलेला, तोही कशावर मारलाय तर सगळ्यावरच. चाकांना जोडणारे दांडे, ज्यांना फायरमन लोक चिंध्या घेऊन आरशासारखं घासायचे, ते चंदेरी रंगात बुडवलेत. दांड्यांवरचे तेलाचे कप रंगाने बुजलेत. गेज ग्लास, म्हणजे बॉयलरमध्ये पाणी किती ते दाखवणारी काचेची नळी, तिच्या जागी भोक. बनवणाऱ्या कंपनीची पितळी पाटी होती, मी स्वतः तिचा फोटो काढलेला आहे, तिच्या जागी चार स्क्रूंची भोकं, आणि त्या भोकांतही रंग. पुढं सेल्फी पॉइंट. लाल बदामाची भली मोठी फ्रेम, तिच्यात उभं राहिलं की इंजिन मागं झाकलं जातं, म्हणजे ज्याच्यासाठी सेल्फी तेच दिसत नाही. आमच्या गल्लीतला फॅब्रिकेशनवाला फोटो बघून म्हणाला, ही फ्रेम अडीच-तीन लाखाच्या खाली बिलात लागलेली नसणार. खरं-खोटं तुमच्या फायलीला माहीत.

पण खरी गोष्ट पुढं आहे. आण्णा एका बाजूला जाऊन एकदम गप्प उभे राहिले. मला वाटलं चक्कर आली. ते बॉयलरकडं बघत होते. लायटिंगची माळ अडकवायला बॉयलरच्या अंगावर लोखंडी पट्ट्या वेल्डिंग करून बसवल्या होत्या, मी मोजल्या, एका बाजूला सात. आण्णांनी सिक्युरिटीच्या पोराला विचारलं, "हे वेल्डिंग कुणी केलंय?" तो खुशीत म्हणाला, "लायटिंगला केलंय की ओ काका, रात्री लई भारी दिसतं."

मंत्रीमहोदय, आपल्याला सल्ला द्यायला पायलीला पन्नास लोक असतील, त्यातल्या कुणीतरी सांगितलं असतं तर बरं, पण आता मीच सांगतो. बॉयलर म्हणजे पाण्याची टाकी नव्हे. त्यात वाफ कोंडलेली असते, त्याच्या पत्र्याची जाडी, त्यातले स्टे म्हणजे पत्रे धरून ठेवणारे दांडे, त्याची प्रत्येक दुरुस्ती वहीत लिहिलेली असायची, आणि इन्स्पेक्टरने पास केल्याशिवाय आग पेटवता यायची नाही. त्याच्या अंगावर कुणीही येऊन वेल्डिंगची ठिणगी पाडायची नसते. उद्या खरंच कुणाला हे इंजिन चालवावंसं वाटलं तर त्या सात पट्ट्यांनी पहिला खोडा घातला. माळ दोरीने बांधता आली असती की ओ. दहा रुपयाची सुतळी.

मग आण्णांनी काठी उलटी धरली आणि धुराड्याच्या खालचा गोल डबा असतो ना, स्मोकबॉक्स, तो वरून खाली वाजवत गेले. वर ठण्ण. मधे ठण्ण. खाली आल्यावर भद्द. पुन्हा वाजवलं, पुन्हा भद्द. त्यांनी वाकून खालून बोटं घातली, तर रंगासकट गंजाचा पापड हातात आला, तळहाताएवढा, आणि मागोमाग काळं पाणी ठिबकायला लागलं. तेवढ्यात पोराने शिट्टी मारली. "हात लावू नका ओ काका, हेरिटेज हाय."

आण्णांनी हात काढून घेतला. त्यांच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा डाग आहे, गेज ग्लास फुटून वाफ आली होती त्याचा, असल्याच इंजिनावर. त्या पोराला काय माहीत, त्याचा दोष नाही, त्याला बारा तास उभं राहून किती मिळतात ते मी विचारलं आणि ऐकून मलाच लाज वाटली.

येताना एसटीत आण्णा एवढंच बोलले, "धुराड्यावर झाकण पाहिजे होतं रे." आणि ही गोष्ट मला तुमच्यापर्यंत पोचवायची आहे, बाकी पत्र सोडून द्या. इंजिन बंद पडतं तेव्हा स्मोकबॉक्सच्या तळाशी कोळशाची राख आणि काजळी राहिलेली असते. वरून धुराडं उघडं. पाऊस पडला की पाणी सरळ आत. राखेत गंधक असतं, पाणी आणि राख मिळून आम्ल तयार होतं आणि ते गुपचूप पत्रा खात बसतं. बाहेरून तुम्ही दरवर्षी रंग मारा, २६ जानेवारीला मारा, १५ ऑगस्टला मारा, आतून ते संपतंय. उपाय काय, तर राख खरवडून काढायची, खाली पाणी जायला भोक ठेवायचं, आणि धुराड्यावर पत्र्याचं झाकण. कुठलंही टेंडर नको, कन्सल्टंट नको. आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसाआड येतं, या इंजिनाच्या पोटात मात्र पावसाळाभर रोज.

आता तुम्ही म्हणाल अर्ज करायचा होता. नऊ केलेत. पोर्टलवर टाकलेले चार धरून तेरा. एका ऑफिसातनं सांगितलं इंजिन आमचं, पण चौथरा दुसऱ्या विभागाचा. दुसऱ्या विभागाने सांगितलं चौथरा आमचा, पण वरचं काही आमचं नाही. पोर्टलवरच्या एका तक्रारीला मेसेज आला की आपल्या तक्रारीचं समाधानकारक निराकरण झालं आहे, कृपया रेटिंग द्या. मी एक स्टार दिला तर फोन आला, साहेब पाच द्या ना, आमचं टार्गेट असतं. दिले. काय करणार, त्याच्याही घरी पोरंबाळं असतील. म्हणजे आपल्या रेकॉर्डला माझी तक्रार पाच स्टारने मिटलेली आहे आणि इथं बॉयलरला सात पट्ट्या.

ही छोटी गाडी म्हणजे काही खेळणं नव्हतं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंजिनियर होता, त्याने १८९७ साली बार्शी रोड म्हणजे आताचं कुर्डुवाडी ते बार्शी अशी लाईन टाकली, रुळांमधलं अंतर अडीच फूट. त्याची कल्पना अशी की रूळ हलके टाका, पण वजन सगळ्या चाकांवर सारखं वाटा, एका आसाला पाच टनच, मग त्या हलक्या रुळावरूनही भरपूर माल जातो. जगभरच्या छोट्या रेल्वेवाल्यांनी बार्शीचं नाव त्यामुळं घेतलं. १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज, मिळून ३२५ किलोमीटर. १९५४ ला सरकारने घेतली. पहिली इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीची, आणि गंमत बघा, १८५५ चं आपलं फेअरी क्वीन, जे १९९८ ला नियमित धावणारं जगातलं सगळ्यात जुनं वाफेचं इंजिन म्हणून गिनेसमध्ये गेलं, तेही लीड्सच्या त्याच किटसन घराण्याचं. एका बहिणीला हरियाणातल्या रेवाडीच्या शेडमध्ये तेलपाणी आणि दुसरीला बदामाची फ्रेम.

आण्णा सांगतात, ज्वारीच्या भाकरीचं फडकं फायरबॉक्सच्या दारावरच्या फळीवर ठेवायचं, चहाची किटली शेजारी, दुपारपर्यंत दोन्ही गरम. वारीच्या दिवसात डब्याच्या टपावर माणसं, आणि चढाला गाडी दमली की वारकरी वरूनच विठ्ठल विठ्ठल करायचे, आणि फायरमन बेलच्याने विठ्ठल विठ्ठल करायचा. लोक विचारतात काळ्या धुराचं एवढं काय प्रेम. डिझेलला बटण दाबलं की सुरू. वाफेचं इंजिन थंड असलं की चार-पाच तास आधी पेटवावं लागतं, हळूहळू, घाई केली तर पत्रा रुसतो, आणि मग ते कुठंतरी टिकटिक करायला लागतं, कुठं सुस्कारा, कुठं ठिबक, आणि जुन्या माणसाला आवाजावरनं कळतं आज कुठं दुखतंय. मी लहानपणी शेडमध्ये हे ऐकलंय. नंतर काही ऐकलं तरी पुरत नाही.

लाईन रुंद झाली याला माझा विरोध नाही, उगाच मला जुनाट ठरवू नका. मुंबईची वंदे भारत २०२३ ला सुरू झाली तेव्हा मीही पेढे वाटले. पण २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत ही अडीच फुटी लाईन उखडली, तेव्हा दहा-बारा किलोमीटर तरी ठेवायची होती. माथेरान, दार्जिलिंग, निलगिरी, कालका-शिमला यांना डोंगर होता म्हणून वाचल्या, आमचं माळरान, आम्हाला कोण विचारतो. दार्जिलिंग १९९९ लाच युनेस्कोत. निलगिरीला तर तिरुचीच्या गोल्डन रॉक कारखान्यात नवीन वाफेची इंजिनं बनवून दिली. म्हणजे येतं की ओ आपल्याला! आपल्याच माणसांना येतं. फक्त सोलापूर म्हटलं की येत नाही.

इंग्रजांचं कौतुक सांगायची मला हौस नाही, त्यांनीही शेकड्याने इंजिनं भंगारात घातली, कॅलथ्रॉपचीच तिकडची लीक अँड मॅनिफोल्ड लाईन १९३४ ला बंद करून मोडून खाल्ली. पण वेल्समध्ये टॅलिलिन म्हणून छोटी लाईन आहे, ती १९५१ पासून गावोगावचे हौशी लोक स्वतः चालवतात, मास्तर, कारकून, गवंडी, बहुतेकांना पगार नाही. आणि तिथंच बॅरी गावात एक भंगारवाला होता, त्याच्या यार्डात २९७ इंजिनं मोडायला आली, त्यातली २१३ लोकांनी वर्गण्या काढून सोडवून नेली, आणि पैसे जमेपर्यंत तो भंगारवाला थांबला. भंगारवाला थांबला, मंत्रीमहोदय. आमच्याकडं साहेब लोक थांबत नाहीत, त्यांची बदली होते, आणि नवीन साहेबाला फाईल सापडत नाही.

मुळात आपल्याकडं जपणं म्हणजे रंग मारणं. देऊळ असो, किल्ला असो, इंजिन असो, कुणीतरी येणार आहे असं कळलं की डबा उघडा. येणारा गेला की पुढच्या येणाऱ्यापर्यंत सगळं देवाच्या हवाली. सोलापुरात गिरण्या होत्या, भोंग्यावर गाव उठायचं, त्या गिरण्यांची वाफेची यंत्रं कुठं गेली विचारा बरं कुणाला. किलोच्या भावाने गेली. त्यातल्या एका गिरणीतला व्हॉल्व्ह मी स्वतः रद्दीबाजारात बघितलाय, कुणीतरी दाराला अडणी म्हणून लावला होता. माझ्याच हातून पण काय झालं, मी घेतला नाही, दीडशे रुपये जास्त वाटले. हे लिहिताना आठवलं, म्हणून लिहिलं, सगळा दोष तुमचाच आहे असं नाही.

असो. मला म्युझियम नको, शेडही राहू द्या, वाफेवर चालवायचं तर सोडूनच द्या, ते आण्णांच्या आयुष्यात होणार नाही हे आम्हा दोघांनाही कळतं. त्या सात पट्ट्या जाणत्या माणसाकडून काढून घ्या, पुन्हा ग्राइंडर घेऊन कुणाला तरी सोडू नका. स्मोकबॉक्समधली राख काढा. पितळी पाटी कुणाच्या शोकेसमध्ये आहे ते बघा, बघितलंत तर.

झाकणाचं मी केलंय. रविवारीच पोर शिट्टी मारायच्या आत आण्णांनी मला चौथऱ्यावर चढवून धुराड्याभोवती सुतळी फिरवायला लावली होती, तिला गाठ मारून खिशात टाकली. फॅब्रिकेशनवाल्याने तेवढ्या मापाचं झाकण करून दिलं, कडेला दोन इंच वळवून, आतून तीन पत्त्या म्हणजे वाऱ्याने उडत नाही. साडेआठशे रुपये घेतले. ते सध्या आमच्या बाहेरच्या खोलीत कॉटखाली आहे, येता-जाता पाय लागून वाजतं. मला फक्त एक कागद पाहिजे, की हा इसम शिडी लावून वर चढला तर शिट्टी मारू नये.

आपला,
एका फायरमनचा मुलगा
सोलापूर

ता.क. आण्णा विचारायलेत, झाकणाला रंग कुठला देऊ. मी म्हटलं देऊच नका.