मुरलेला बक (हरणाचा नर) मारायचा तर आधी वारा बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पत्रांच्या पानावर मध्यंतरी अमेरिकेतल्या हरणांच्या शिकारीवरून बरीच चर्चा झाली, त्यात दोन-तीन जणांचा सूर असा होता की तिकडे काय, लायसन काढायचं, महागडी रायफल घ्यायची, झाडावर चढून बसायचं आणि समोर आलं की गोळी घालायची. मी पेनसिल्व्हेनियात राहतो, बरीच वर्षं इथल्या जंगलात व्हाईटटेलच्या, म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या, मागे फिरतोय, त्यामुळे हे वाचून राहवलं नाही. एखादं हरीण मारणं वेगळं आणि चार-पाच वर्षांचा मुरलेला बक मारणं वेगळं, आणि ह्या दुसऱ्या कामात रायफलचा वाटा फार थोडा असतो. खरं काम म्हणजे त्याला तुमची चाहूलच लागू द्यायची नाही, आणि नव्याने शिकारीला लागलेली आपली मंडळी नेमकी इथेच कमी पडतात.

आधी मुरलेला म्हणजे कोणता ते सांगतो कारण बहुतेक लोक शिंगांचे फाटे मोजत बसतात. फाट्यांवरून वय कळत नाही. शिंगं दरवर्षी हिवाळ्यात गळतात आणि पुन्हा नव्याने येतात, खाणं चांगलं मिळालं तर तरुण नरालाही भरपूर फाटे फुटतात. वय बघायचं तर अंग बघा. दीड वर्षाचा नर म्हणजे मादीच्याच डोक्यावर शिंगं बसवल्यासारखा, पाय लांब, मान बारीक, पोट आत ओढलेलं. नोव्हेंबरातला पाच वर्षांचा बघा, मान फुगून थेट छातीत मिसळलेली असते, छाती इतकी खोल की पाय आखूड वाटायला लागतात, पोट खाली उतरलेलं, मागच्या पायांच्या सांध्यावरचे केस मुतून मुतून काळेकुट्ट झालेले. एकदा असा नीट बघितला की पुन्हा चुकायला होत नाही.

आता असा नर जंगलात असायला हवा तर लहान नर मोठे व्हायला हवेत ना? पेनसिल्व्हेनियाने 2002 मध्ये नियम केला की शिंगाच्या एका बाजूला ठरलेले फाटे नसतील तर तो नर मारायचा नाही, कुठे तीन कुठे चार असं भागाप्रमाणे, आणि लायसनच्या एका वर्षात शिंगवाला नर एकच. सुरुवातीला जुन्या शिकाऱ्यांनी खूप आरडाओरडा केला पण आज इथे जे मोठे नर दिसतात त्यात ह्या नियमाचा मोठा हात आहे असं माझं स्पष्ट मत आहे. आयोवा राज्याचं नाव मोठ्या बकसाठी सगळीकडे घेतात, तिथे बंदुकीचा मुख्य सीझन डिसेंबरात असतो, म्हणजे माजाचा जोर ओसरल्यावर, त्यामुळे नर ज्या दिवसांत बेभान हिंडतात त्या दिवसांत बंदुकीपासून बरेचसे वाचतात.

आता वारा. व्हाईटटेलच्या नाकापुढे काही चालत नाही. वासाचे स्प्रे, खास साबण, वास शोषून घेणारे कार्बनचे कपडे ह्यावर लोक ढीगभर पैसे घालवतात, मला विचाराल तर त्यातले बहुतेक पैसे पाण्यात. वारा तुमच्याकडून त्याच्याकडे वाहत असेल तर तिथे बसूच नका, घरी जा किंवा दुसरी जागा धरा. नुसता मोबाईलवरचा वारा बघूनही भागत नाही कारण डोंगराळ भागात सकाळी ऊन पडलं की हवा तापून उतारावरून वर चढते आणि संध्याकाळी गार होऊन ओढ्याकडे खाली उतरते, ॲपवर पश्चिमेचा वारा दाखवत असतो आणि तुमचा वास मात्र निवांत खाली घळीत जाऊन साठलेला असतो. ह्याला सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे मिल्कवीडच्या शेंगा. हे झाड आपल्या रुईच्याच कुळातलं, शेंग उकलली की आत तशाच पांढऱ्या म्हाताऱ्या. खिशात एक शेंग ठेवायची, मचाणावर बसल्यावर अधूनमधून एक म्हातारी सोडायची आणि दुर्बिणीतून बघत राहायचं. पन्नास-साठ पावलं सरळ जाते आणि मग एका ओंडक्यापाशी गिरकी घेऊन उलटी तुमच्याकडेच यायला लागते, हे कुठल्याही ॲपमध्ये दिसणार नाही. मुरलेला नर झोपायला जागाही वाऱ्यावरूनच निवडतो, डोंगराच्या सोंडेच्या वरच्या एक-तृतीयांश भागात, वाऱ्याच्या आडोशाला, म्हणजे पाठीमागून येणारं नाकाला कळतं आणि समोर उतारावरचं डोळ्यांना दिसतं. तिथे सरळ चालत जाणं म्हणजे त्याला निरोप धाडण्यासारखंच आहे.

म्हणून माझं म्हणणं असं की जागेपेक्षा त्या जागेवर जायचा आणि परत यायचा रस्ता आधी ठरवा. ओढ्याच्या पात्रातून जाता आलं तर उत्तम, पाण्याच्या आवाजात पावलं ऐकू येत नाहीत आणि काठाखाली तुम्ही दिसतही नाही. अंधार पडल्यावर उतरताना समोर शेतात हरणं चरत असतील तर ती जाईपर्यंत वरच बसा, कंटाळा आला तरी बसा, कारण एकदा तुम्हाला मचाणावरून उतरताना बघितलं की ती जागा त्यांच्या डोक्यात पक्की होते. आणि एकाच जागी रोज बसू नका. नवीन जागेवरच्या पहिल्या एक-दोन बैठकांत जो चान्स असतो तो नंतर राहत नाही, म्हणून चांगली जागा योग्य वाऱ्यासाठी राखून ठेवायची असते. हरणांचे फोटो आपोआप काढायला झाडाला लावतात त्या कॅमेऱ्याचंही तेच, दर दोन दिवसांनी कार्ड काढायला जंगलात जायचं असेल तर कॅमेरा न लावलेलाच बरा. ॲरिझोनाने तर 2022 पासून शिकारीसाठी असे कॅमेरे वापरायलाच बंदी घातली आहे.

जंगल पालथं घालायचंच असेल तर फेब्रुवारी-मार्चात घाला. सीझन संपलेला असतो, पालवी फुटलेली नसते, गेल्या वर्षीच्या पायवाटा, शिंगं घासून सोललेली झाडं, नरांनी वासाची खूण ठेवायला पायाने जमीन उकरून केलेले स्क्रेप सगळं उघडं दिसतं आणि तेव्हा एखादा नर उठून पळाला तरी पुढच्या सीझनपर्यंत विसरतो. स्क्रेप दिसला की लोक हुरळून त्याच्यावरच मचाण बांधतात, पण स्क्रेपवर येणं-जाणं जास्त करून रात्रीच होतं. त्यापेक्षा झोपायची जागा आणि खायची जागा ह्यांच्या मधली खिंड, ओढ्याचा उतार, दोन रानांना जोडणारा झाडीचा अरुंद पट्टा असलं काहीतरी शोधा.

हे सगळं नोव्हेंबरात फळाला येतं. उत्तरेकडे माद्या साधारण नोव्हेंबरच्या मध्याला माजावर येतात, ते थंडीवर नाही तर दिवस लहान होत जाण्यावर ठरतं म्हणून दरवर्षी जवळपास त्याच तारखांना येतात, दक्षिण टेक्ससमध्ये मात्र हे डिसेंबरात. त्याच्या आधीचा आठवडा-दहा दिवस सगळ्यात मोलाचे, नर माद्या हुंगत दिवसाढवळ्या फिरतात, अकरा-बाराला सुद्धा, आणि बाकीचे शिकारी तेव्हा जेवायला गाडीकडे गेलेले असतात. ह्या दिवसांत डबा बरोबर घ्या आणि दिवसभर बसा. माद्या जिथे झोपतात त्याच्या वाऱ्याखालच्या बाजूला, म्हणजे वारा माद्यांकडून येतो त्या बाजूला, बसा कारण नर तिथूनच वास घेत जातो. शिंगं एकमेकांवर आपटून आवाज काढलात तर तो सरळ येईल अशी आशा नको, लांबून वळसा घालून वाऱ्याखाली येतो, तेव्हा ती बाजू मोकळी दिसेल असं बसा.

नेम धरताना घाई नको. धनुष्यबाण असेल तर नर आडवा किंवा किंचित पाठमोरा उभा असेल तेव्हाच बाण सोडा, समोरून तोंड करून उभा असेल तर नाही. लागल्यावर लगेच मागे धावू नका. फुफ्फुसात लागलं असं वाटलं तरी अर्धा तास थांबा आणि बाण पोटात लागला असेल, त्यावर हिरवट घाण असेल, तर कित्येक तास थांबावं लागतं, नाहीतर दुखावलेलं जनावर उठून लांब जातं आणि सापडत नाही, एवढ्या जिवाचे हाल करून शेवटी मांसही वाया. रायफलच्या सीझनला भगवं जॅकेट घाला, कायदाच आहे, हरणाला तो रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही पण दुसऱ्या शिकाऱ्याला दिसतो. आणि मचाणावर हार्नेस, म्हणजे झाडाला बांधून ठेवणारा पट्टा, लावल्याशिवाय चढू नका, दरवर्षी पडून माणसं मरतात.

शेवटी एक, जे फार जण टाळतात. पेनसिल्व्हेनियात 2012 पासून हरणांमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा जनावराला खंगवून मारणारा मेंदूचा रोग सापडतोय आणि तो वयस्क नरांत जास्त आढळतो, म्हणजे आपण ज्याच्या मागे असतो नेमका त्यातच. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी लागण झालेल्या जनावराचं मांस खाऊ नये असंच तज्ज्ञ सांगतात. रोगाच्या भागात गेम कमिशनने, म्हणजे राज्याच्या शिकार आणि वन्यजीव खात्याने, डोकी टाकायला पेट्या ठेवल्या आहेत, तपासणी फुकट होते. रिपोर्ट येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये राहू द्या आणि डोकं, पाठीचा कणा असले भाग त्या भागाच्या बाहेर नेऊ नका.

आपला,
एक वाचक, पेनसिल्व्हेनिया