गावच्या स्मशानात सुकं लाकूड ठेवा : ग्रामविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. ग्रामविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

गेल्या श्रावणात माझी आई गेली. "माझ्यामागं कर्ज काढू नका, साधं उरका," असं ती दोन वर्षं सांगत होती. कोरं कापड, बांबू, सुतळी, मडकं, गोवऱ्या, कापूर हे सगळं गावातच मिळालं, फार खर्च न होता. अडलं ते लाकडावर.

एका सरणाला तीन-चार क्विंटल लाकूड लागतं. भर पावसात भाऊ तालुक्याच्या वखारीत गेला. दारात मयत असताना घासाघीस कोण करणार? लाकूड आणि ट्रॅक्टरचं भाडं मिळून साडेसात हजार गेले, आणि लाकूड आलं ते ओलं. स्मशानातल्या शेडचे पत्रे आधीच वाऱ्यानं उडालेले. चौघांनी सरणावर पत्रा धरला. तरी पेटेना, तेव्हा डिझेल ओतलं, जुने टायर घातले. आईच्या चितेवर टायर, साहेब. तो काळा धूर अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

तेराव्याचं जेवण आम्ही घातलं नाही. ऋण काढून सण करू नका, हे गाडगेबाबा गावोगाव सांगत फिरले. भावकी कुजबुजली, आम्ही सोसलं. ते आमच्या हातात होतं. लाकूड नव्हतं.

मुंबईत महापालिकेच्या स्मशानभूमीत एका देहासाठी 300 किलो लाकूड मोफत मिळतं. आमच्यासारख्या खेड्यात ग्रामपंचायतीकडं एक ओंडकाही नसतो. विद्युतदाहिनी आम्ही मागत नाही; पावसाळ्यात आमच्याकडं वीजच टिकत नाही. जनसुविधेच्या अनुदानातून दहनशेड होतात, रस्ते होतात. त्यातच शेडला लागून एक पक्की खोली बांधा आणि मे महिन्यातच ती सुक्या लाकडानं भरून ठेवायला सांगा. ऐपत असेल त्याला खरेदीच्या भावात द्या, नसेल त्याला फुकट, आणि भाव दारावर रंगवा. नागपुरात शेतातल्या काडीकचऱ्याचं मोक्षकाष्ठ दहनाला वापरतात, तसे ठोकळेही चालतील. तुराट्या, पऱ्हाट्या आमच्या बांधावर जळूनच जातात.

येत्या श्रावणात आईला वर्ष होईल. वर्षश्राद्धाच्या जेवणाऐवजी मी ग्रामपंचायतीला चार क्विंटल सुकं लाकूड देणार आहे. सरपंच हो म्हणाले. ते कोरडं राहील अशी जागा मात्र त्यांच्याकडं नाही. श्रावणाआधी तेवढी खोली मंजूर करा.

आपली,
एक गावकरी