शेवग्याचा पाला म्हणजे लोहाचे इंजेक्शन नव्हे

महोदय,

शेवग्याच्या पाल्याची भुकटी घातली की डुकरांचे रक्त वाढते आणि लोहाच्या इंजेक्शनाचा खर्च वाचतो, असा सल्ला गोव्यातल्या वराहपालकांत फिरतो आहे. पहिला दावा अर्धवट खरा आहे. दुसरा पिलांच्या जिवावर बेतणारा आहे.

जन्मतः पिलाच्या अंगात जेमतेम ५० मिलिग्रॅम लोह असते. रोजची गरज ७ ते १० मिलिग्रॅमची आणि आईच्या दुधातून मिळते सुमारे १. मोकळी हिंडणारी अगोंडा गोवन जातीची पिले जांभ्याची तांबडी माती उकरून थोडी तूट भरतात. सिमेंटच्या फरशीवर तेही बंद. पहिले दोन आठवडे पिलू खाद्याला नीट तोंडच लावत नाही, मग भुकटी पोटात जाणार कशी? तिसऱ्या-चौथ्या दिवशी मानेच्या स्नायूत २०० मिलिग्रॅम लोह टोचायलाच हवे.

दूध सुटल्यानंतर मात्र १०० किलो खाद्यात ५ किलो भुकटी जरूर मिसळावी. प्रथिने आणि कॅरोटीन मिळते. प्रमाण फार वाढवले तर तंतुमय भाग वाढून वजन रेंगाळते, शिवाय पाल्यातली टॅनिन आणि फायटेट ही द्रव्ये लोह शोषू देत नाहीत.

सरसकट कोणताही पाला चालत नाही. सुबाभळीतल्या मिमोसिन या विषारी द्रव्याने केस गळतात. गाभण मादीला ती देऊच नये. गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडियाच्या) पाल्याला बुरशी लागली की त्यातल्या कुमारिनपासून रक्त गोठू न देणारे द्रव्य बनते आणि जनावराला अंतर्गत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून आपल्या दमट हवेत पावसाळ्यात पाला वाळवू नये. डिसेंबर ते एप्रिल या काळात सावलीत पातळ पसरावा, दिवसातून दोनदा उलटावा, मुठीत चुरडून कुरकुरीत चुरा झाला तरच दळावा. चार-पाच किलो ओल्या पाल्याची साधारण किलोभर भुकटी होते.

गुण आला की नाही, हे कातडीच्या रंगावरून ठरवू नये. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणारे रसायन असलेल्या) नळीत रक्त घेऊन हिमोग्लोबिन तपासावे: डेसिलिटरला ११ ग्रॅमच्या वर चांगले, ९ च्या खाली पंडुरोग, म्हणजे रक्तक्षय. तांबड्या पेशी दोन-अडीच महिने जगतात, त्यामुळे दुसरी तपासणी निदान सहा आठवड्यांनी करावी. हगवण लागलेल्या जनावराचे रक्त आटून आकडा फसवा चढतो. त्याचा नमुना घेऊ नये. आणि भुकटी सुरू करण्याआधी जंतनाशक द्यावे, उवा काढाव्यात. रक्त तिकडे शोषले जात असेल तर पाला वाया जातो.

एक पशुवैद्यक, सासष्टी