नंदुरबारला पत्र

तीर्थरूप अण्णांस व सौ. आईस शिरसाष्टांग नमस्कार.

मी येथे विलायतेत खुशाल आहे. फोटोत माझ्या कोटावर लाल फूल पाहून अण्णा नाराज झाल्याचे दादाने सांगितले. १९४२ च्या चले जाव चळवळीत ज्या इंग्रजांच्या राज्यात आपल्या नंदुरबारच्या बाल हुतात्मा शिरीषकुमारवर गोळी चालली, त्यांच्या सैनिकांचे सुतक मी का पाळावे, हा प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

ते फूल कागदाचे असते. ऑक्टोबर सरत आला की माजी सैनिकांच्या मदतीसाठी माणसे डबे घेऊन दुकानांपाशी उभी राहतात. डब्यात आपल्या मनाने पैसे टाकायचे, फूल टाचणीने छातीवर लावायचे आणि ११ नोव्हेंबर उलटला की काढायचे. लावले नाही तर कोणी बोलत नाही, बघतात मात्र. (आई, हे फूल खसखशीच्या जातीचे.) १९१८ साली त्या दिवशी अकरा वाजता पहिले महायुद्ध थांबले, म्हणून बरोबर अकराला सगळे दोन मिनिटे स्तब्ध उभे राहतात, अगदी पाचवीची पोरेसुद्धा.

आमच्या शाळेत त्या वेळी युद्धात गेलेल्या माजी विद्यार्थ्यांची नावे वाचतात आणि यंदा एकाची माहिती सांगण्याचे काम माझ्याकडे आले. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले तेव्हा हजारो भारतीय जवानांबरोबर तोही जपान्यांच्या कैदेत गेला आणि सयाम ते ब्रह्मदेश हा सुमारे ४१५ किलोमीटरचा लोहमार्ग बांधताना १९४३ च्या पावसाळ्यात पटकीने वारला. त्या कामावर बारा हजारांहून अधिक युद्धकैदी मेले. मलायातील मळ्यांवरून नेलेले तमिळ व इतर आशियाई मजूर त्याहून कितीतरी अधिक, पण त्यांची नावे कोणी वाचत नाही, हेही मी तेथेच बोलून दाखवले. शाळेच्या जुन्या वहीत त्याच्यापुढे ‘गणित कच्चे’ असा शेरा आहे. कैद्यांना घरी छापील कार्ड धाडता येई. प्रकृती उत्तम असल्याची ओळ त्यावर आधीच छापलेली असे. त्याचे असे एक कार्ड त्याच्या आईला पोचले, ते तो गेल्यानंतर.

अण्णा, ९ सप्टेंबरला, शिरीषकुमारच्या स्मृतिदिनी, आपण आम्हा मुलांना रांगेने त्याच्या स्मारकापाशी नेत होता. त्या शिकवणीला मी येथे बट्टा लावला असे मला वाटत नाही.

ठिबकच्या हप्त्याचे पैसे पाठवले आहेत; कापूस घाईने विकू नये. ताईसाठी आलेले शिरपूरचे स्थळ मला पसंत आहे. साखरपुड्याला रजा मिळणार नाही, तरी बस्त्याचा सगळा खर्च माझ्याकडे राहील, आणि लग्नाची तिथी शक्यतो मे महिन्यातील धरावी, म्हणजे मला नक्की येता येईल.

आपला,
बापू