शिबिराला न आलेल्यांनाही मोजा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या भागातल्या एका सूतगिरणीने कामगारांसाठी चालवलेल्या आरोग्य उपक्रमाची बातमी गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात वाचली. तपासणी शिबिरं झाली, सकाळी योगवर्ग झाले, आहारावर व्याख्यानं झाली आणि त्यामुळे कामगारांचा बीपी उतरला, खाडे कमी झाले, असं तीत म्हटलं आहे. त्या शिबिरांत बीपी मोजायला मीच बसले होते. उपकेंद्रावर आरोग्य सेविका म्हणून २९ वर्षं नोकरी करून मी निवृत्त झाले आहे. गिरणीवाल्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण बातमीत काढलेला निष्कर्ष माझ्या वहीतल्या आकड्यांतून निघत नाही, आणि तो तसाच राहिला तर नुकसान कामगारांचं आहे.

पहिल्या दिवशी रांगेत उभी होती ती ऑफिसातली मंडळी, सुपरवायझर आणि तरणी पोरं. ब्लो रूम आणि कार्डिंग, म्हणजे कापूस मोकळा करायच्या आणि पिंजायच्या खात्यांत, धूळ सगळ्यात जास्त असते. तिथली बाया-माणसं दारापर्यंत आली आणि मागच्या मागे फिरली. एका बाईला मी हाताला धरून खुर्चीवर बसवलं, तर ती म्हणाली, "बाई, शुगर निंघाली तं कामावरून काढतीन ना मले. राहू द्या." आणि उठून गेली. तिचं नाव कुठल्याच तक्त्यात नाही. वर्षाअखेर मात्र 'भाग घेणाऱ्यांची प्रकृती इतरांपेक्षा चांगली' असं अहवालात आलं. अहो, त्यांची प्रकृती तर पहिल्या दिवशीही चांगलीच होती!

बीपीचं सांगते. पाळी सुटली की माणूस धावतपळत येतो, गावाची गाडी चुकायची धास्ती असते, गालात खर्रा असतो. तंबाखूने बीपी चढतो. एका हमालाचा १५६/९८ भरला. त्याला खर्रा थुंकायला लावला, चूळ भरायला लावली, पाय जमिनीला टेकवून पाठ टेकून बसवलं. थोड्या वेळाने पुन्हा पट्टा बांधला तर १३८/८८. दुसऱ्या शिबिराला फक्त ज्यांचा बीपी जास्त निघाला होता त्यांनाच बोलावलं. ज्यांचा एके दिवशी फार चढा निघतो, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा पुढच्या खेपेला थोडा उतरलेलाच असतो, मग योग करोत की न करोत. तो उतार योगवर्गाच्या नावावर जमा झाला.

खाड्यांची गोष्ट तर आपल्याकडच्या कुणाही शेतकऱ्याला कळेल. आधीचे खाडे मोजले जून ते सप्टेंबरचे, नंतरचे फेब्रुवारी-मार्चचे. जूनमध्ये पेरणी, मग निंदण, मग पोळा, आणि पावसाळाभर घराघरांत ताप. फेब्रुवारीत सोयाबीन निघून गेलेलं असतं, कापसाचीही बरीच वेचणी आटोपलेली असते, डासही कमी. हजेरी वाढणारच. जून जूनशी ताडून पाहायला हवा होता.

हा घोटाळा फक्त आमच्या गिरणीतच झाला असंही नाही. कंपनीने असल्या उपक्रमावर एक डॉलर घातला तर औषधोपचाराच्या खर्चात सव्वातीन डॉलर वाचतात, असं अमेरिकेत २०१० मध्ये कॅथरीन बायकर, डेव्हिड कटलर आणि झिरुई साँग या अभ्यासकांनी जुन्या पाहण्या एकत्र करून लिहिलं होतं. पुढे यांच्यातल्याच बायकर आणि साँग यांनी एका मोठ्या दुकानसाखळीच्या १६० शाखा घेतल्या, जवळजवळ ३३ हजार कर्मचारी. त्यातल्या २० शाखा चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडून तिथेच उपक्रम चालवला. दीड वर्षाच्या उपक्रमाचा निकाल २०१९ मध्ये छापला. त्या शाखांतली माणसं 'आम्ही व्यायाम करतो, वजनावर लक्ष ठेवतो' असं जास्त सांगत होती. पण बीपी, कोलेस्टेरॉल, वजन, खाडे, दवाखान्याचा खर्च यांत म्हणावा असा फरक नव्हता. आपलंच आधीचं म्हणणं अशा कसोटीला लावायला धैर्य लागतं. मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

इलिनॉय विद्यापीठाने २०१६ मध्ये आपल्याच सुमारे ४,८०० कर्मचाऱ्यांवर असा प्रयोग सुरू केला. त्यांनी तीच माहिती दोन्ही रीतींनी तपासली. भाग घेणारे आणि न घेणारे शेजारी ठेवले तर उपक्रम झकास दिसे. चिठ्ठीने निवडलेले आणि न निवडलेले शेजारी ठेवले की तो फरक जवळपास नाहीसा होई. कारण पुढे येणारे मुळातच धडधाकट होते, त्यांचा औषधोपचाराचा खर्च आधीपासून कमी होता. तपासणी करून घेणाऱ्यांची संख्या मात्र खरोखर वाढली, हेही त्यांनी नोंदवलं आहे.

तपासणी बंद करा, असं मी म्हणत नाही. आमच्या शिबिरात काही जणांना आपल्याला साखरेचा आजार आहे हे पहिल्यांदाच कळलं. पण पुढे काय? प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या फुकट मिळतात, पण ओपीडीच्या वेळेत त्यांची पाळी चालू असते, गेलं तर रोजी बुडते. महिन्यातून एकदा भरपगारी दोन तास सोडलं तर गोळ्या सुटणार नाहीत. आणि धूळ? आठवडी सुट्टीनंतर पहिल्या पाळीला छाती आवळल्यासारखी होते, असं कार्डिंगमधल्या चार बायांनी मला वेगवेगळं सांगितलं. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या आजाराची हीच पहिली खूण असते. वेळीच धूळ कमी झाली तर तो आवरतो, वर्षानुवर्षं तसाच राहिला तर फुप्फुस कायमचं जातं. त्याला धूळ ओढणारी यंत्रणा चालू आणि साफ असावी लागते. पहाटेच्या प्राणायामाने ती धूळ जात नाही.

गिरणीला माझी विनंती आहे. यंदा जागा थोड्या असतील तर मस्टरवरच्या सगळ्या नावांच्या चिठ्ठ्या करा, सगळ्यांसमोर काढा. ज्यांची निघाली त्यांना या वर्षी घ्या, उरलेल्यांना पुढच्या वर्षी. मोजा मात्र दोघांनाही, एकाच महिन्यात, त्याच यंत्राने, बसवून. पाळीच्या आधी आणि नंतर फुंकर मारून श्वासाचा जोर मोजायचं साधं नळीसारखं यंत्र मिळतं, तेही लावा. काम सोडून गेलेल्यांची नावं खोडू नका. आणि आजार निघाला म्हणून कुणाचं काम जाणार नाही, हे लेखी देऊन गेटवर लावा, म्हणजे त्या दिवशी उठून गेलेली बाई परत येईल.

आपल्या वार्ताहरांनीही अशी बातमी देताना किती जण आले याच्या जोडीला किती आले नाहीत, कोणत्या खात्यातले आले नाहीत, हे विचारावं. गिरणीने हे मनावर घेतलं तर चिठ्ठ्या काढायला आणि बीपी मोजायला मी वर्षभर विनामोबदला येईन. माझा पट्टा आणि वही तयार आहे.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका, जि. यवतमाळ