रिकामी मूठ

प्रिय बाबू,

सलाम.

परवा जेवण झाल्यावर मोरीत हात धुता धुता तू म्हणालास, "आई, नोकरी जाऊन दीड महिना झाला." नळ चालू होता, त्यामुळे मला आधी नीट ऐकूच आलं नाही. कळलं तोवर तू चपला घालत होतास. फोनवर तू नुसतं हं हं करतोस, म्हणून लिहितेय. उद्या डबा न्यायला येशील तेव्हा पिशवीत तळाशी हा कागद असेल. कल्याणच्या पुढे गाडी रिकामी होते, बसायला मिळालं की वाच.

दारात मी विचारलं, "बदलापूरला चर्च आहे ना, जातोस का?" तर तू चिडलास. "कुठल्या तोंडाने जाऊ? सात वर्षं फिरकलो नाही. आता पोटावर पाय पडला म्हणून देव आठवला?" तेच वाक्य दोन दिवस डोक्यात फिरतंय.

आजोबांची एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. त्यांनीच सांगू नको म्हटलं होतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी दहावीला होते. अडीच लाख कामगार बाहेर होते आणि त्यातले एक आमचे दादा, म्हणजे तुझे आजोबा, परळच्या एका गिरणीत विणकामाच्या साचेखात्यात. सगळ्यांना वाटलं, महिना-दोन महिन्यांचा प्रश्न आहे. पावसाळ्यापर्यंत आईच्या पाटल्या गेल्या, मग शिलाई मशीन गेलं. तरी दादा दर रविवारी इस्त्रीचा सदरा घालून भायखळ्याला उपासनेला जायचे. अर्पणाची थैली रांगेतून पुढे यायची. मी त्यांच्या शेजारीच बसायचे. ते मूठ घट्ट मिटून थैलीत हात घालायचे, आत उघडायचे आणि बाहेर काढायचे. मुठीत काही नसायचं. नाणं पडल्याचा आवाज आला नाही हे कुणाला कळू नये म्हणून खोकायचे.

एका रविवारी ते गेलेच नाहीत. मग पुढच्याही नाही.

तिसऱ्या आठवड्यात चर्चचे पाळकसाहेब खोलीवर आले. आईने कोरा चहा दिला, दुधाला पैसे नव्हते. दादा म्हणाले, "साहेब, तुमच्या देवाला संप कळतो का?" 'तुमच्या' म्हणाले, मला आठवतंय. साहेबांनी उपदेश केला नाही. बायबल काढून तेरावं स्तोत्र वाचलं. पहिल्या दोन वचनांत चारदा एकच प्रश्न आहे: कोठवर? देवा, कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार? वाचून झाल्यावर म्हणाले, "हे शास्त्रातच लिहिलंय. तुम्ही हेच विचारताय, मग रागावला असलात तरी प्रार्थनाच करताय." आणि चहा पिऊन गेले.

गिरणी काही परत मिळाली नाही. संप तर आजतागायत कुणी रीतसर मागे घेतलेला नाही. दादा लालबागला एका गोदामावर रखवालदार झाले, निम्म्या पगारावर. पण त्यानंतर ते पुन्हा चर्चला जायला लागले आणि मूठ मिटणं बंद केलं. थैली आली की सरळ पुढे द्यायचे.

तू म्हणतोस गरजेपोटी जाणं लाजिरवाणं आहे. अरे, तुझ्या संडे स्कूलच्या पाठातली उधळ्या पुत्राची गोष्ट आठव, लूक, पंधरावा अध्याय. तो पोरगा पश्चात्तापाने घरी निघाला असं आपण नेहमी सांगतो. नीट वाच. त्याला भूक लागली होती. डुकरांच्या शेंगा खाव्याशा वाटत होत्या आणि त्याने हिशेब केला, बापाच्या चाकरांना भाकरी उरते, मी इथे मरतोय. बापाला म्हणायचं वाक्यही त्याने पाठ केलं: मला तुझ्या एका चाकराप्रमाणे ठेव. पण बाप दुरूनच धावत आला, आणि ते शेवटचं वाक्य त्याला बोलायलाच मिळालं नाही. का आलास, हे बापाने विचारलंच नाही. तू रविवारी तीन वाटी आमटी प्यायलास तेव्हा मी तरी विचारलं का?

मी स्वतः काही वेगळी नव्हते. तुझ्या बाबांच्या बायपासच्या वेळी मी बुधवारी माहीमच्या कॅथलिक चर्चमध्ये नोव्हेनाला, म्हणजे नऊ बुधवारांच्या प्रार्थनेला, गेले होते. हो, मी. आपण प्रॉटेस्टंट, मेणबत्त्यांना नाकं मुरडणारे. १९४८ पासून तिथे दर बुधवारी ही गर्दी असते. बाहेर मेणाचे हात, पाय, घरं, पाळणे विकायला. एका बाईच्या हातात मेणाचं घर होतं, कपाळावर कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. त्या रांगेतला प्रत्येक जण काही ना काही मागायलाच आलेला आणि कुणाला त्याची लाज नव्हती. मी मेणाचं हृदय घेतलं. नऊ बुधवार म्हणतात, माझे तीनच झाले, पुढे ड्यूटी लागली.

बाबा वाचले. त्यांच्या शेजारच्या कॉटवरचे गृहस्थ गेले, आणि त्यांची बायको माझ्यापेक्षा जास्त प्रार्थना करायची. तीस वर्षं वॉर्डात काढली मी, हा हिशेब मला जुळलेला नाही. म्हणून तुला मी असं सांगणार नाही की गुडघे टेक, नोकरी मिळेल. असं सांगणारे पुष्कळ आहेत. परवा कुणीतरी व्हिडिओ पाठवला, "हात वर करा, आज रात्री तुमचं कर्ज फिटलं." आणि खाली पैसे पाठवायचा क्यूआर कोड. मला तर संताप आला. तसल्या माणसाला एक रुपया पाठवलास तर माझ्याशी गाठ आहे. आणि डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली आहे ना, ती घे. प्रार्थना केली म्हणून गोळी बंद करायची नसते, हे मी आई म्हणून नाही, सिस्टर म्हणून सांगतेय.

सूनबाईला यात ओढू नकोस. ती तुझ्यासाठी मंगळवारी सिद्धिविनायकाला जाते, मला माहीत आहे. जाऊ दे तिला. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा याच मुंबईत १८९५ साली झाला, पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यानंतर चार-पाच वर्षं आपल्याच देवाधर्मात राहिल्या. पुढे आल्या त्या स्वतःच्या मनाने. मात्र हप्ता थकला आहे हे तिला आज सांग. तिला कळलेलं असणारच, पण तुझ्या तोंडून कळू दे.

प्रार्थना सुचत नसेल तर अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र उघड. दीडशे स्तोत्रांत इतकं काळोखं दुसरं नाही. शेवटी आशेची एक ओळही नाही, अंधारातच संपतं. तेही पवित्र शास्त्रात ठेवलंय, कुणी खोडलं नाही. रात्री तीनला जाग येते म्हणालास ना, तेव्हा मोठ्याने वाच. नाहीतर मला फोन कर, मी जागीच असते, गुडघे झोपू देत नाहीत.

या रविवारी मराठी उपासनेला मी भायखळ्याला डावीकडच्या तिसऱ्या बाकावर आहे. आलास तर शेजारी बस. थैली आली की पुढे दे.

वरच्या डब्यात सुक्या बोंबलाची चटणी आहे, खालच्यात सांदणं. डबा परत आण, मागच्या वेळचं झाकण अजून तुझ्याकडेच आहे.

तुझी,
आई